शिरयान, धमनी आणि ग्रीकांची हवेची नळी

बायपास आणि अँजिओप्लास्टीच्या दिवसांत 'आर्टरी' हा शब्द घराघरांत पोहोचला आहे. आम्ही उर्दू शाळेत हिलाच 'शिरयान' म्हणतो, मराठी शाळेत ती 'धमनी' होते. मुळातला ग्रीक शब्द 'आर्तेरिया', आणि त्याचा जुना अर्थ चक्क श्वासनलिका!

'हवा धरून ठेवणारी' अशी त्याची फोड पूर्वी केली जाई. आजचे अभ्यासक तिला मानत नाहीत. 'उचलणे, टांगणे' या क्रियापदाशी ते त्याचे नाते जोडतात. पण जुनी फोड लोकांना पटली, याला कारण होते. मेलेल्या जनावराच्या धमन्या कापल्या तर त्या बहुधा रिकाम्या दिसतात, रक्त शिरांत उतरलेले असते. त्यामुळे इ.स.पूर्व ४थ्या शतकात प्राक्सागोरासने आणि त्यानंतर एरासिस्ट्राटसने धमन्यांत फक्त हवा वाहते असे सांगितले. जिवंत माणसाची धमनी कापली की रक्त उडते, त्याचे काय? हवा निसटते आणि तिच्या जागी शिरांतले रक्त धावून येते, हे त्यावरचे उत्तर. पुढे जालिनूसने (गॅलेन) जिवंत प्राण्याची धमनी दोन ठिकाणी बांधली, मधला भाग कापला. आत रक्तच होते. अर्थ खोटा ठरला, नाव मात्र राहिले.

आता बगदादकडे येऊ. ९व्या शतकात हुनैन इब्ने इसहाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जालिनूसचे ग्रंथ अरबीत आणले. हुनैन नेस्टोरियन ख्रिस्ती होते, हे आपल्याकडे अभिमानाच्या भरात पुष्कळदा सांगायचे राहून जाते. आणि अरबांनी केवळ ग्रीकांचे ओझे वाहिले, असे म्हणणाऱ्यांनीही हे शब्द एकदा नीट पाहावेत. ग्रीकांत श्वासनलिकेला 'खडबडीत आर्तेरिया' म्हणत. आजच्या 'ट्रॅकिया'त नुसता 'खडबडीत' एवढाच अर्थ उरला आहे. अरबीने हा गोंधळ ठेवलाच नाही. श्वासनलिका झाली 'कसबतुर्रिया', म्हणजे फुप्फुसाचा बोरू, आणि रक्ताची नळी 'शिरयान'. शिरेला 'वरीद' शब्द होताच. सूरा काफमुळे तो आपल्या ओळखीचा आहे.

गंमत अशी की संस्कृत 'धमनी'चा धातूही फुंकण्याचाच. लोहाराचा भाता आठवावा. ही उसनवारी आहे असे आम्ही म्हणत नाही.

हृदयातून फुप्फुसाकडे जाणारी नळी मात्र अरबीतही अडचणीचीच राहिली. भिंत धमनीसारखी जाड, पण निघते उजव्या कप्प्यातून. म्हणून जालिनूसच्याच धर्तीवर ती 'वरीदे शिरयानी', आणि परत येणारी 'शिरयाने वरीदी'. ही कोड्यासारखी नावे वापरूनच इब्नुन्नफीस यांनी १२४२ साली इब्ने सीनांच्या 'कानून'मधील शरीररचनेवर भाष्य लिहिले. हृदयाच्या मधल्या पडद्याला छिद्रे नाहीत. रक्त पहिल्या नळीने फुप्फुसात जाते, तिथे हवेशी मिसळते आणि दुसरीने डाव्या कप्प्यात येते, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. जालिनूसच्या विरोधात जाऊन! हार्वेचे पुस्तक १६२८चे. इब्नुन्नफीस यांचे हे म्हणणे विसाव्या शतकातल्या जगापुढे आले ते १९२४ साली, एका इजिप्शियन डॉक्टरने बर्लिनमधले हस्तलिखित उघडून वाचले तेव्हा.