धमन्यांचा ताठरपणा : तब्येत ठणठणीत असतानाही मिळणारा इशारा

"मला काही होत नाही, मग तपासणी कशाला?" हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात ऐकू येतं. पण हृदयविकाराचा पहिला झटका अनेकदा अशाच 'काही होत नसलेल्या' माणसाला येतो. त्याआधी बरीच वर्षं धमन्या आतून बदलत असतात. हा बदल ओळखण्याची एक खूण म्हणजे धमन्यांचा ताठरपणा. ती आपण समजून घेऊ.

ताठरपणा म्हणजे काय?
हृदयातून निघणारी महाधमनी रबरासारखी लवचिक असते. ठोका पडला की ती फुगते, मग आकसून रक्त पुढे ढकलते. तिच्या भिंतीतलं इलॅस्टिन वयाप्रमाणे झिजतं आणि कडक कोलॅजन वाढतं. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि किडनीचे आजार ही झीज लवकर घडवतात. मग वरचा रक्तदाब चढतो, खालचा उतरतो. हृदयावर ताण येतो आणि मेंदू व किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांना थेट धक्के बसतात.

ताठरपणा आणि चरबीचे थर साचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण बऱ्याचदा त्या सोबतच वाढतात. म्हणून एकीवरून दुसरीचा संशय घेता येतो, खात्री मात्र करता येत नाही.

कसा मोजतात?
मान आणि जांघ इथल्या नाडीवर सेन्सर ठेवून नाडीच्या लाटेचा वेग काढतात. टोचणं नाही, दुखणं नाही. धमनी जितकी ताठर, तितकी लाट वेगवान. समजा ५० सेंटीमीटर अंतर लाटेने ०.०५ सेकंदात कापलं, तर वेग झाला सेकंदाला १० मीटर. वेग याहून जास्त असेल तर युरोपातल्या मार्गदर्शक सूचना त्याला धोक्याची खूण मानतात. २०१० साली १७ अभ्यासांतल्या १५,८७७ लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यात वेग १ मीटरने वाढला की हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटनांचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढलेला दिसला.

घरी काय पाहता येईल?
ही तपासणी सगळीकडे मिळत नाही. पण बीपीचे दोन आकडे तर घरातही मोजता येतात. वरच्यातून खालचा वजा करा. १२०/८० असेल तर फरक ४०. अब्बांचा बीपी १५०/७० येत असेल तर फरक ८०. उतारवयात हा फरक ६० किंवा त्याहून जास्त राहत असेल, तर "वयानं होतंच" म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

काय करावं?
रोज भरभर चालणं, तंबाखू-सिगारेट बंद, साखर आणि बीपी ताब्यात. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा. लोणचं, पापड, सुकी मासळी, फरसाण यातलं मीठही त्यातच मोजायचं. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

आणि छातीत दाब, धाप किंवा अचानक घाम आला, तर आकडे मोजत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.