तळटीप : व्होल्ट्रॉनमधला स्वेन

* व्होल्ट्रॉन : १९८४ साली अमेरिकी टीव्हीवर आलेली मालिका. तिच्यातले पाच यांत्रिक सिंह आणि ते जोडून उभा राहणारा महाकाय रोबो मूळचे जपानच्या तोएई कंपनीच्या ‘गोलायन’मधले (१९८१). चित्रं बहुतेक तीच, संवाद नवे. मूळ कथेत अणुयुद्धाने पृथ्वी बेचिराख होते. अमेरिकी आवृत्तीत ती सुखरूप आहे.

सगळ्यात मोठी काटछाट झाली ती निळ्या सिंहाच्या चालकाच्या बाबतीत. जपानीत तो सुरुवातीच्याच भागांत मारला जातो आणि त्याच्या जागी राजकन्या बसते. इंग्रजीत त्याचं नाव स्वेन. तो फक्त जखमी होऊन उपचारासाठी दुसऱ्या ग्रहावर जातो, असं संवादांतून सांगून टाकलं. पुढे मूळ कथेत त्याचा भाऊ येतो, तेव्हा तीच चित्रं वापरून स्वेनच परत आल्याचं दाखवलं. कारागिरी म्हणून हे अफलातून आहे, पण मला ते मुलांवर अन्याय करणारं वाटतं. राजकन्या ती जागा का घेते, यातला सगळा जीवच त्यामुळे निघून गेला. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, कार्ल मेसेक यांनी तीन जपानी मालिका जोडून ‘रोबोटेक’ केली. तिच्यात वैमानिक रॉय फोकरचा मृत्यू कायम ठेवला आणि अमेरिकी मुलांनी तो पाहिला.