होडी वर्षभर ठेवायची कुठे? नीरा, वीर, उजनीकाठच्या गावांसाठी कमी खर्चाचे पर्याय आणि घ्यायची काळजी

फलटण : होडी विकत घेताना किंमत, इंजिन, माणसं किती बसतील याची चौकशी सगळे करतात. ती वर्षभर ठेवायची कुठे, हा प्रश्न मात्र होडी गावात आल्यावर पडतो. मग ती नदीकाठी उपडी पडून राहते, उन्हानं तडकते किंवा एखाद्या रात्री पाणी वाढलं की वाहून जाते. ग्रामपंचायतीची पुरासाठीची होडी असेल तर नुकसान पैशापुरतं राहत नाही. ऐन पुरात ती चाललीच नाही तर माणसं अडकतात.

समुद्रकाठी होडीसाठी बंदर असतं, जेटी असते. फलटण, खंडाळा, बारामती, इंदापूर या पट्ट्यात तशी सोय नाही. मग कमी खर्चात आणि सुरक्षित जागा कशी शोधायची, जागा देणाऱ्याशी काय ठरवायचं आणि होडी कशी ठेवायची, याची ही माहिती.

आपल्याकडे होडी पाण्यात का टिकत नाही?

मुख्य कारण म्हणजे पाण्याची पातळी. बंदरात भरती-ओहोटी ठरलेली असते. धरणात तसं नाही. वीर धरणाची क्षमता सुमारे साडेनऊ टीएमसी आहे. पावसाळ्यात ते भरतं आणि पुढं कालव्यांची आवर्तनं सुरू झाली की काठ मागं सरकत जातो. उजनीत हा फरक फार मोठा असतो. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसीच्या आसपास, त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. २०२४ च्या उन्हाळ्यात हे धरण उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेलं होतं. अशा वेळी जानेवारीत काठाला बांधलेली होडी मे महिन्यात गाळात रुतलेली असते आणि पाणी लांब गेलेलं असतं.

नदीत उलटा प्रकार होतो. वीरच्या दरवाजातून विसर्ग सुरू झाला की नीरेचं पाणी काही तासांत चढतं. मुरूम, आसू अशा काठच्या गावांना हे नवीन नाही. आखूड दोरानं बांधलेली होडी पाणी वाढलं की वर उचलली जात नाही, दोर ताणला जाऊन ती एका बाजूला बुडते.

म्हणून आपल्या भागात होडीची सगळ्यात स्वस्त आणि सुरक्षित जागा म्हणजे पूररेषेच्या वरची, सावलीची आणि पाण्यापर्यंत रस्ता असलेली जमीन. कोकणातही यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा मच्छीमार होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. तिथं बंदर असूनही पावसाळ्यात होडी जमिनीवरच येते.

जागेचे चार पर्याय

*१. स्वतःचं आवार किंवा शेत.* भाडं शून्य. पण घर काठापासून लांब असेल तर दर वेळी ट्रॅक्टर-ट्रॉलीचा खर्च पडतो. होडी महिन्यातून एक-दोनदाच लागत असेल तर हा पर्याय परवडतो. रोज लागणाऱ्या मच्छीमाराला परवडत नाही.

*२. रिकामी शेड भाड्यानं.* बंद पडलेली पोल्ट्री शेड होडीसाठी चांगली. लांब असते, हवा खेळती असते, डोक्यावर पत्रा असतो. कांदाचाळीच्या आधारानं ठेवायची तर आधी विचारून घ्यावं, कारण उन्हाळ्यात चाळ कांद्यानं भरते आणि होडी बाहेर निघते. खत, कीटकनाशक ठेवलेलं गोदाम टाळावं. इंजिनाचे धातूचे भाग आणि रबरी बोट तिथं लवकर खराब होतात.

*३. मच्छीमार सहकारी संस्था.* धरणातल्या मासेमारीचा ठेका संस्थेकडे असेल तर सभासदांच्या होड्या एकाच ठिकाणी ठेवून राखणदाराचा खर्च वाटून घेता येतो. आठ-दहा होड्या एकत्र असल्या की माणशी खर्च कमी होतो आणि चोरीची भीतीही कमी. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर बामणोली, तापोळा इथं गावकऱ्यांच्या बोट क्लबच्या बोटी एकाच धक्क्यावर असतात. त्यातूनही हाच फायदा दिसतो.

*४. ग्रामपंचायतीची जागा.* समाजमंदिराची पडवी, जुनी शाळाखोली, पाण्याच्या टाकीखालची मोकळी जागा. पुरासाठीच्या होडीला हा पर्याय योग्य. फक्त त्या जागेत पुराचं पाणी शिरत नाही ना, हे जुन्या माणसांना विचारून घ्यावं.

जागा बघताना हे तपासा

- २०१९ च्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं? जागा त्याच्या वर हवी.
- जागेपासून पाण्यापर्यंतचा रस्ता पावसात चालतो का? काळ्या रानातली पाऊलवाट जूनमध्ये बंद होते.
- वर विजेची तार, खाली ओढ्याचं पात्र नको.
- जागा धरणाच्या संपादित क्षेत्रात तर नाही ना? पाण्याखालून उघडी पडणारी जमीन जलसंपदा विभागाची असते. गाळपेर जमीन पिकासाठी मिळते, शेड बांधायला नाही. तिथं पक्कं बांधकाम केलं तर अतिक्रमण ठरतं.
- धरणाची भिंत, सांडवा आणि दरवाजे यांच्या आसपास होडी ठेवू नये, बांधूही नये. धरण परिसरात कुठं परवानगी आहे हे शाखा अभियंत्याच्या कार्यालयात विचारावं.

भाडं ठरवताना

होडीच्या मापावर जागा मोजावी. १६ फूट लांब आणि ५ फूट रुंद होडीला चारी बाजूंनी दोन फूट मोकळी जागा धरली तर २० बाय ९, म्हणजे १८० चौरस फूट लागतात. गावात गोदामाला चौरस फुटाला काय दर चालतो तो विचारून याच मापानं बोलणी करावी. नाहीतर अख्ख्या शेडचं भाडं गळ्यात पडतं.

महिन्यापेक्षा वर्षाचं भाडं ठरवलेलं बरं पडतं. तोंडी व्यवहार ओळखीत चालतो, पण जागा विकली गेली किंवा भावाभावांत वाटणी झाली की होडी रस्त्यावर येते. म्हणून साधा का होईना, लेखी करार करावा. त्यात तीन गोष्टी हव्यातच : रात्री-अपरात्री होडी काढायला मुभा, जागा खाली करायची असेल तर किमान दोन महिन्यांची आगाऊ सूचना आणि चाव्या दोन माणसांकडे.

दोन जागांची तुलना करताना नुसतं भाडं बघू नये. वर्षाचं भाडं, वर्षभराच्या वाहतुकीच्या खेपा, ताडपत्री आणि राखण हे सगळं मिळवून जो आकडा येतो तो खरा खर्च. लांबची फुकट जागा काठाजवळच्या भाड्याच्या जागेपेक्षा महाग पडू शकते.

रोज मासेमारी असेल तर

मच्छीमाराला हंगामात होडी पाण्यातच ठेवावी लागते. तेव्हा पुढची काळजी घ्यावी.

- नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट लांब असावा. १५ फूट खोलीला ७५ ते १०५ फूट. आखूड दोरावर नांगर धरत नाही, निसटतो.
- एका नांगरावर विसंबू नये. एक पाण्यात आणि एक दोर काठावरच्या झाडाला किंवा पुरलेल्या खुंटीला.
- पाणी उतरत असेल तर दर दोन-तीन दिवसांनी होडी पुढं सरकवावी.
- पावसाळी वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, त्यामुळे पूर्वेच्या काठावर लाटा जास्त आपटतात. पश्चिमेचा, आडोशाचा काठ त्यातल्या त्यात बरा.
- एप्रिल-मेमध्ये वळवाचं वातावरण दिसलं की होडी थेट जमिनीवर घ्यावी. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. असा वारा बांधलेल्या होडीलाही सोडत नाही.

जमिनीवर ठेवताना

*फायबरची होडी :* जमिनीला टेकवू नये. लाकडी ओंडक्यांवर किंवा जुन्या टायरवर ठेवावी, वजन तीन-चार ठिकाणी विभागावं. उघड्यावर असेल तर उपडी ठेवावी. शेडमध्ये सरळ ठेवली तर तळाचं बूच काढून ठेवावं, म्हणजे पाणी साचत नाही. उन्हानं फायबरचा वरचा थर पांढरट, भुकटीसारखा होतो. ताडपत्री टाकावी, पण घट्ट गुंडाळू नये, खालून हवा खेळू द्यावी.

*पत्र्याची होडी :* चिखल धुऊन, वाळवून, गंज खरवडून रंग द्यावा. सांध्यात गाळ राहिला की गंज तिथूनच सुरू होतो.

*रबरी बोट :* धुऊन पूर्ण वाळवावी, टाल्कम पावडर लावावी, थोडी हवा भरून सावलीत उंचावर ठेवावी. उंदीर हा तिचा सगळ्यात मोठा शत्रू. वर्षातून दोनदा पूर्ण हवा भरून रात्रभर ठेवावी. सकाळी मऊ पडली तर गळती आहे.

*इंजिन :* होडीवरून उतरवून उभं ठेवावं. गढूळ पाण्यात चालवल्यावर स्वच्छ पाण्यात काही मिनिटं चालवून आतला गाळ काढावा. दीर्घकाळ ठेवायचं तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपवून ठेवावं, जुनं पेट्रोल चिकट होऊन जेट बंद करतं. गिअर ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी गेलं असं समजावं. महिन्यातून एकदा पाण्याच्या बॅरलमध्ये बुडवून इंजिन चालू करून बघावं.

*लाइफ जॅकेट :* गोणीत कोंबू नयेत. सावलीत दोरीवर टांगावीत. पट्टे आणि क्लिपा तुटल्या असतील तर ते जॅकेट बाजूला काढावं.

कागदपत्रं

इंजिनाच्या होडीला अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार नोंदणी आणि तपासणी लागते. राज्यात यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाशी संपर्क करावा लागतो. वल्ह्याच्या होड्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेकडे करण्याची तरतूदही या कायद्यात आहे.

होडीवर नाव, गाव आणि क्रमांक ठळक रंगवावा. उजनीत बेकायदा वाळूउपशाच्या बोटी महसूल पथकांनी स्फोटानं फोडल्याच्या कारवाया झाल्या आहेत. काठाला बेवारस, बिनक्रमांकाची होडी दिसली तर संशय येणारच. खरेदीची पावती आणि जागेचा करार यांची एक प्रत घरी, एक मोबाइलमध्ये ठेवावी.

पुराच्या होडीचं वेगळं गणित

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ इथं पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून १७ जणांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. त्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्यानंतर पूरपट्ट्यातल्या गावांना बोटी मिळाल्या. पण बोट मिळणं आणि ती पाचव्या वर्षीही चालणं यात फरक आहे.

फलटण हा दुष्काळी तालुका, इथं पूर कसला, असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. मे २०२५ च्या शेवटी फलटण, बारामती, इंदापूर भागात मुसळधार पाऊस होऊन एनडीआरएफची पथकं बोलवावी लागली. जून उजाडायच्या आत हे घडलं. म्हणजे होडीची तयारी जूनमध्ये करू म्हणणारं गाव उशिरा ठरतं.

ग्रामपंचायतीनं इतकं करावं :

- होडी, इंजिन, वल्ही, जॅकेट आणि दोर यांची जडवस्तू नोंदवहीत स्वतंत्र नोंद.
- होडी कुणाच्या ताब्यात, चावी कुणाकडे आणि चालवणार कोण, याचा ग्रामसभेत ठराव. चालवणारे किमान तीन हवेत.
- किती माणसं बसवायची तो आकडा होडीवरच रंगवावा.
- देखभालीसाठी दर वर्षी अंदाजपत्रकात तरतूद. लहान रक्कम चालेल, पण दर वर्षी हवी.

वर्षाचं वेळापत्रक

- *१ ते १५ मे :* होडी पाण्यात उतरवून चाचणी, इंजिन चालू, जॅकेट मोजणी.
- *१५ मे ते ऑक्टोबर :* पुराची होडी ट्रॉलीवर तयार. विसर्गाच्या सूचना आल्या की मासेमारीच्या होड्या वर.
- *नोव्हेंबर :* धुणं, वाळवणं, दुरुस्ती, रंग.
- *डिसेंबर ते एप्रिल :* न लागणारी होडी शेडमध्ये. महिन्यातून एकदा इंजिन आणि उंदरांची पाहणी.

जागेचा करार नोव्हेंबर ते ऑक्टोबर असा करावा, म्हणजे ऐन पावसाळ्यात जागा सोडायची वेळ येत नाही.

पाणी वाढत असताना होडी वाचवायला एकट्यानं पात्रात उतरू नये. होडी पुन्हा घेता येते. आपत्तीत मदतीसाठी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७ आणि आपत्कालीन क्रमांक ११२ यांवर संपर्क साधावा.