आधी राज्य निवडा

निपाणीचा माणूस ऑनलाइन अर्ज भरायला बसला की पहिल्या चौकटीत राज्य निवडतो. 'कर्नाटक'वर बोट ठेवलं की दुसऱ्या चौकटीत जिल्हे येतात, जिल्ह्यामागून तालुके, तालुक्यामागून गावं. ही उतरंड वेबपेक्षा फार जुनी. यादी कुणाच्या ताब्यात, एवढंच बदलत गेलं.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाव खंड 1884चा. त्यात तालुके सात, आणि निपाणी चिकोडी तालुक्यात. 1956मध्ये बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. चंदगड तेवढं मुंबई राज्यात राहिलं, ते आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. निपाणीला स्वतःचा तालुका मिळेपर्यंत 2018 उजाडलं. छापील यादीत असा फेरफार करायचा तर नवी आवृत्तीच काढावी लागे.

कागदी अर्जावर मात्र 'राज्य' या शब्दापुढे नुसती रेघ असे. तिच्यावर काय लिहायचं ते लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. बेळगावजवळच्या येळ्ळूरकरांनी गावात 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' असा फलकच लावला होता, तो न्यायालयाच्या आदेशानंतर जुलै 2014मध्ये काढला गेला. पत्रावर कुणी तसं लिहिलं असतं तरी बिघडत नव्हतं. कारण श्रीराम भिकाजी वेलणकरांनी 1972मध्ये आणलेला पिन कोड होता. 591237 दिसलं की टपाल निपाणीला.

रेघ गेली ती वेबवर. 1995च्या एचटीएमएल 2.0 या वेबपानांच्या मानकात यादीतून निवडायचे 'सिलेक्ट' आणि 'ऑप्शन' हे टॅग आले. आता यादीत असेल तेच निवडायचं. ही यादी पानातच लिहिलेली असे, म्हणजे ज्याने त्याने आपापली टंकलेली. 1 नोव्हेंबर 2014ला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं, पण अशा हाती लिहिलेल्या याद्यांमध्ये ते आपोआप बदलणार कसं? शिवाय कर्नाटकातली 29 हजारांवर गावं एकाच पानात कोंबली तर तेव्हाच्या फोनलाइनवर ते पान उघडेपर्यंत चहा होऊन जायचा.

यातून वाट निघाली ती 1999मध्ये. ईमेल ब्राउझरात नीट चालावी म्हणून मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर 5मध्ये एक सोय दिली: पान जागच्या जागी ठेवायचं आणि सर्व्हरकडून लागेल तेवढीच माहिती मागवायची. 2005मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला 'एजॅक्स' म्हटलं आणि ती सगळीकडे पसरली. आजचा एपीआय, म्हणजे मागणीला उत्तर देणारा सर्व्हरचा दुवा, जिल्ह्यांची यादी पाठवतो तेव्हा प्रत्येक ओळीत दोन गोष्टी असतात, नाव आणि क्रमांक. दिसतं नाव, पुढे जातो क्रमांक. 2011च्या जनगणनेत कर्नाटक 29, बेळगाव जिल्हा 555. नाव सर्व्हरवर एकदा बदललं की सगळीकडे बदलतं. 555ला धक्का लागत नाही. जमिनीच्या उताऱ्यासाठी कर्नाटकाचं 'भूमी' संकेतस्थळ उघडलं तर तालुका आणि गाव यांच्या मध्ये होबळी, म्हणजे गावांचा गटही निवडावा लागतो; कोल्हापूरकराला महाराष्ट्राच्या महाभूलेखवर ही पायरी भेटत नाही.

या पद्धतीत एक खोड आहे. घाईत 'महाराष्ट्र' निवडलं, लगेच सुधारून 'कर्नाटक' केलं, आणि आधीच्या मागणीचं उत्तर रेंगाळत मागून आलं, की कर्नाटकाखाली कोल्हापूर-सांगली दिसू लागतात. सीमा सरकवण्याचं काम ब्राउझरने परस्पर उरकलेलं असतं! जुनी मागणी रद्द करणं किंवा उशिरा आलेलं उत्तर टाकून देणं, हा त्यावरचा उपाय.

खरी कसोटी मात्र प्रवेश अर्जात लागते. कर्नाटकातल्या सीमाभागातल्या 865 गावांवर महाराष्ट्र हक्क सांगतो, दावा 2004पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेपर्यंत महाराष्ट्राच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाच्या अभियांत्रिकी प्रवेशात उमेदवारीचा 'टाइप ई' असा प्रकार ठेवला आहे: वादग्रस्त सीमाभागातले, मराठी मातृभाषेचे विद्यार्थी. म्हणजे निपाणीच्या मुलीने पत्त्यात कर्नाटक निवडायचं आणि उमेदवारी महाराष्ट्राची. पत्त्याचं राज्य पाहून उमेदवारीची यादी गाळायची, असा साधा सरळ कोड कुणी लिहिला, तर तिचा पर्याय चौकटीत येणारच नाही.