वर्धा शिक्षण योजना आणि शिक्षकाचे दुसरे कौशल्य

आपल्या विषयाबाहेरील कौशल्य शिक्षकास अवगत असावे काय, हा प्रश्न सामान्यतः त्याच्या हौसेवर सोडून देण्यात येतो. आपल्या देशात मात्र एकदा तो धोरणाचा प्रश्न झाला होता. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने त्याच वर्षाच्या डिसेंबरात अहवाल सादर केला. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, माध्यम मातृभाषा आणि केंद्रस्थानी एखादा उत्पादक हस्तोद्योग, ही त्या योजनेची मुख्य अंगे होत.

अहवालातील वेळापत्रक पाहण्यासारखे आहे. साडेपाच तासांच्या शाळेत हस्तोद्योगास 3 तास 20 मिनिटे, मातृभाषेस 40 मिनिटे. संगीत, चित्रकला व गणित या तिहींना मिळून 40 मिनिटे. शाळेचा कारखाना होईल, ही टीकाकारांची भीती अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही. तथापि गणित आणि भाषा यांचा बराचसा भाग त्या 3 तास 20 मिनिटांतूनच निघावा अशी समितीची अपेक्षा होती, आणि तो काढण्याचा सारा भार शिक्षकावर होता.

सुताचेच उदाहरण घेऊ. एक पौंड सुतात 840 वारांच्या जितक्या लडी भरतात, तितका त्या सुताचा नंबर. वीस नंबरी सूत दहा नंबरीहून बारीक. तितक्याच लांबीस त्याचे वजन निम्मे. व्यस्त प्रमाण येथे मुलाच्या बोटांना कळते, परंतु ते तेथे आहे हे प्रथम शिक्षकास दिसले पाहिजे. केवळ गणित जाणणाऱ्यास पेळू ठाऊक नसतो, आणि केवळ कातणाऱ्यास सुतापलीकडे काही दिसत नाही. भाषेचेही तेच. ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही म्हण आम्ही वर्गात अर्थ सांगून शिकवितो. ज्याने स्वतः पीळ दिला आहे त्याला ती निम्मी आधीच कळलेली असते.

म्हणजे योजनेने शिक्षकाकडे एक नव्हे, दोन कौशल्ये मागितली: हस्तोद्योग येणे, आणि त्यातून आपला विषय काढता येणे. या दुसऱ्यास ‘समवाय’ असे नाव मिळाले. समितीने पूर्ण प्रशिक्षणास तीन वर्षे आणि तातडीची सोय म्हणून एका वर्षाचा अभ्यासक्रम सुचविला होता. एका वर्षात टकळी चांगली फिरू लागते. समवाय तेवढ्यात साधत नाही. योजना अडली ती माझ्या मते मुख्यतः येथे. पैशाची व यंत्रयुगाची कारणे देण्यात येतात, तीही खरी आहेत; पण ओढूनताणून केलेल्या समवायाने तिच्याविषयीची आस्था जितकी घालविली तितकी त्यांनी घालविली नसावी.

कोठारी आयोगाने (1964–66) ‘कार्यानुभवा’ची शिफारस केली. महाराष्ट्राच्या शाळांत त्याची तासिका निराळी झाली, आणि गणिताच्या शिक्षकास सूत कळण्याचे कारण उरले नाही.