विमानप्रकार संकेत

विमानप्रकार संकेत : विमानाचा प्रकार आणि त्याची आवृत्ती मोजक्या अक्षर-अंकांत सांगणारी आंतरराष्ट्रीय खूण. असे दोन संकेत रूढ आहेत. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेचा संकेत जास्तीत जास्त चार चिन्हांचा असतो आणि तो हवाई वाहतूक नियंत्रणासाठी वापरतात. आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेचा संकेत तीन चिन्हांचा असतो आणि तो वेळापत्रक व आरक्षणासाठी असतो. विमानाचा नोंदणी क्रमांक (भारतात ‘व्हीटी’ने सुरू होणारा) एकाच विमानाचा असतो, तर प्रकार संकेत त्या जातीच्या सर्व विमानांचा. या नोंदीत रोमन अक्षरे त्यांच्या उच्चाराने लिहिली आहेत.

रचना : आयकाओचे संकेत ‘दस्तऐवज ८६४३’ या यादीत प्रसिद्ध होतात. बहुतेक संकेतांत आधी उत्पादकाची खूण येते : एअरबससाठी ए, बोइंगसाठी बी, एम्ब्रेअरसाठी ई, एटीआरसाठी एटी. तिच्यामागे मूळ क्रमांकातले ओळख पटवणारे अंक येतात. बोइंग ७३७-८०० मधला शेवटचा ७ आणि दोन शून्ये गळून बी७३८ होतो. एटीआर ७२-६०० चा एटी७६, तर ७२-५०० चा एटी७५.

चार चिन्हांत नाव मावेनासे झाले की अक्षरे मदतीला येतात. ए३५०-१००० चा संकेत ए३५के असून त्यात ‘के’ हजाराची खूण आहे. बोइंग ७८७-१० च्या बी७८एक्समध्ये ‘एक्स’ हा रोमन दहा. ए३२० निओ ही नव्या इंजिनांची आवृत्ती आली तेव्हा ए३२० हा संकेत जुन्या आवृत्तीकडे होता. म्हणून आधीचा ३ गाळून आणि शेवटी एन जोडून ए२०एन ठरला. त्याच रीतीने ए३१९ निओचा ए१९एन आणि ए३२१ निओचा ए२१एन झाला. बोइंग ७३७ मॅक्स ८ चा संकेत बी३८एम आहे.

यात फसगतीची एक जागा आहे. बी७३७ म्हणजे कोणतेही ७३७ नव्हे. तो फक्त ७३७-७०० चा संकेत आहे. एटी७२ देखील सर्व एटीआर ७२ विमानांचा नसून आरंभीच्या ७२-२०० मालिकेचा आहे.

नाशिकची उदाहरणे : नाशिकचा विमानतळ ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या आवारात आहे. त्याचे स्थानसंकेत व्हीएओझेड (आयकाओ) आणि आयएसके (आयाटा). डिसेंबर २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेखाली एअर डेक्कनची मुंबई-नाशिक सेवा सुरू झाली, ती बीचक्राफ्ट १९००डी या छोट्या विमानाने. त्याचा संकेत बी१९० हा आहे. १९००, १९००सी आणि १९००डी या तिन्ही आवृत्त्यांना हा एकच संकेत चालतो. पुढे २०१८ मध्ये जेट एअरवेजची बोइंग ७३७ विमाने दिल्लीहून येऊ लागली. २०२१ मध्ये स्टार एअरच्या बेळगाव-नाशिक सेवेसाठी एम्ब्रेअर ईआरजे-१४५ (ई१४५) आले. २०२३ पासून इंडिगोने नाशिकहून एटीआर ७२-६०० (एटी७६) उडवली.

ओझरच्या कारखान्याचा इतिहासही या पद्धतीवर प्रकाश टाकतो. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक विभागात मिग-२१ ची एफएल, एम आणि बिस ही रूपे बांधली गेली. हवाई दल त्यांना अनुक्रमे टाइप ७७, टाइप ९६ आणि टाइप ७५ म्हणे; वैमानिक आणि तंत्रज्ञ यांच्या दृष्टीने ही विमाने वेगवेगळी होती. आयकाओच्या यादीत मात्र मिग-२१ साठी एमजी२१ हा संकेत पुरला. सप्टेंबर २०२५ मध्ये हे विमान हवाई दलातून निवृत्त झाले.

उत्पादकाचे पूर्ण नाव : कारखान्यात आणि देखभालीच्या हँगरमध्ये चार चिन्हांनी भागत नाही. ए३२०-२५१एन या नावातला ५ हा आकडा सीएफएम कंपनीचे इंजिन दाखवतो, तर ए३२०-२७१एन मधला ७ प्रॅट अँड व्हिटनीचे. आयकाओसाठी दोन्ही ए२०एन. एप्रिल २०२४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि एअरबस यांच्यात ए३२० कुळातील विमानांची देखभाल नाशिकला करण्याचा करार झाला. अशा कामात सुटे भाग आणि दुरुस्तीच्या सूचना या पूर्ण नावावरूनच ठरतात.

बोइंग पूर्वी ग्राहकाचाही क्रमांक नावात गुंफत असे. एअर इंडियाचा क्रमांक ३७ होता. १९७१ मध्ये आलेले ‘एम्परर अशोक’ हे जंबो जेट म्हणूनच ७४७-२३७बी होते : २०० मालिका आणि ग्राहक ३७. त्याचा आयकाओ संकेत बी७४२. ग्राहकाची ओळख त्यात उतरत नाही. बोइंग ७८७ ला असे ग्राहक क्रमांक लागले नाहीत.

याउलट एटीआर ७२-५०० आणि ७२-६०० या दोन्हींचे प्रमाणपत्रातील नाव एकच, ७२-२१२ए. आयकाओने मात्र त्यांना वेगळे संकेत दिले. म्हणजे संकेत हा नावाचा निव्वळ संक्षेप नाही; कोणता फरक नोंदवायचा याचा तो निर्णय असतो.

उपयोग : वैमानिकाच्या फ्लाइट प्लॅनमधील नवव्या रकान्यात हा संकेत आणि त्यापुढे वजनाचा गट लिहितात. कमाल उड्डाणवजन ७,००० किलोपर्यंत असेल तर एल, त्याहून जास्त पण १,३६,००० किलोहून कमी असेल तर एम, त्यापुढे एच. ए३८० साठी जे. १९००डी हे एकोणीस आसनी विमान असूनही त्याचे वजन ७,००० किलोच्या थोडे वर जाते, म्हणून ते एम गटात बसते. विमानामागे हवेचे भोवरे उठतात आणि विमान जितके जड तितके ते प्रबळ. म्हणून एच गटातील विमानामागून उतरणाऱ्या एम गटातील विमानाला रडार नियंत्रणात पाच सागरी मैल अंतर ठेवतात. वेग आणि चढण्याची क्षमता यांचा अंदाजही नियंत्रक संकेतावरूनच बांधतो. यादीत नसलेल्या विमानासाठी चार वेळा झेड लिहून अठराव्या रकान्यात त्याचे नाव देतात.

आयाटाच्या संकेतांत प्रवाशांच्या सोयीचे फरक येतात : एटीआर ७२ साठी एटी७, ए३२० निओसाठी ३२एन, ७३७ मॅक्स ८ साठी ७एम८. पंखांच्या टोकांना विंगलेट असलेल्या ७३७-८०० ला ७३एच म्हणतात; आयकाओसाठी ते बी७३८च राहते. तिकिटावरचा आणि नियंत्रण मनोऱ्यातला संकेत वेगळा दिसला, तरी विमान तेच असते.

महत्त्व : मार्च २०१९ मध्ये भारतासह जगभर ७३७ मॅक्सची उड्डाणे थांबवण्यात आली, पण ७३७-८०० उडत राहिली. बाहेरून ही विमाने एकमेकांसारखी दिसतात. फ्लाइट प्लॅनमध्ये मात्र एक बी३८एम असते आणि दुसरे बी७३८. कोणत्या विमानाला थांबवायचे आणि कोणाला परवानगी द्यायची हे कागदावरच स्पष्ट होण्यासाठी संकेत अचूक लिहिणे आवश्यक ठरते. आसनांची संख्या, इंजिनाची कंपनी किंवा विमानाचे वय तो सांगत नाही. आकाशात एकमेकांना कधी न भेटणाऱ्या माणसांना मात्र तो एकाच विमानाविषयी शंका न ठेवता बोलू देतो, आणि सुरक्षित विमानवाहतुकीचा मोठा भार या चार चिन्हांवर आहे.