कामाठीपुऱ्यातील जपानी वस्ती

कापूस म्हटला की आम्हा यवतमाळकरांना मँचेस्टर आठवते, जपान आठवत नाही. वास्तविक १८९३ साली निप्पॉन यूसेन कैशा या कंपनीने जमशेटजी टाटांच्या सहकार्याने मुंबई-कोबे जहाजे सुरू केली आणि हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा कापूस ओसाकाच्या गिरण्यांकडे जाऊ लागला. वऱ्हाडही या व्यापारात ओढला गेला.

त्याच काळात अमाकुसा, शिमाबारा या भागांतील गरीब शेतकऱ्यांच्या मुली आशियाभर विकल्या जात होत्या. जपानी भाषेत त्यांना ‘कारायुकी-सान’ म्हणत. त्यांतल्या काही मुंबईच्या कामाठीपुऱ्यात येऊन पडल्या. व्यापारी नफा घेऊन मायदेशी परतत. या मुलींपैकी कित्येकींच्या नशिबी परतणे नव्हते. वरळीला १९०८ पासून जपान्यांची दफनभूमी आहे.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील जपान्यांना दिल्लीच्या पुराना किल्ल्यात, पुढे राजस्थानातील देवळीला डांबले. मुंबईतील जुना जपानी समाज विखुरला.

कापसाच्या इतिहासात गाठींचा हिशेब सापडतो, या मुलींचा नाही. महागावच्या शाळेत कापसाचा धडा शिकवताना त्यांचीही आठवण निघावी, एवढेच आम्हाला वाटते.